उमेदवारी

उमेदवार म्हटलं की हल्ली आपल्याला निवडणूकच आठवते. पण सटाण्याकडची जुनी माणसं "मी दोन वर्षं उमेदवारी केली" म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असतो. कुणाच्या तरी हाताखाली फुकट किंवा जवळजवळ फुकट राबून काम शिकलो, असं त्यांना सांगायचं असतं. शब्द मूळ फारसी. उमेद धरून बसलेला तो उमेदवार. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत असे उमेदवार असायचे. कधीतरी कारकुनाची जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी खर्डेघाशी करायची. जागा झाली तर झाली! पुढे कारखान्यात काम शिकणाऱ्या पोरांसाठी कायदा आला, तेव्हा मराठीत त्यांनाही हेच नाव मिळालं - शिकाऊ उमेदवार. मोबदल्याच्या जागी आशा द्यायची, ही रीत नावासकट पुढे चालू राहिली असं मला वाटतं.

गावगाड्यात हिशोब निराळा होता. लोहाराचं पोर भाता ओढता ओढता शिकायचं, त्याची मजुरी बापाच्या बलुत्यातच जिरायची. (आणि ज्याला जातीबाहेरचा धंदा शिकायचा असेल त्याला दारच बंद. त्यामुळे जुनं ते सोनं वगैरे म्हणायला मी तयार नाही.)

या विषयावरचा पहिला कायदा इंग्रजांनी केला तो १८५० साली. अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या मुलांनी धंदा शिकून मोठेपणी पोट भरावं, हा त्याचा हेतू. बापानं किंवा पालकानं १० ते १८ वयाच्या मुलाला करारानं मालकाकडे बांधून द्यायचं, मुदत जास्तीत जास्त ७ वर्षं. मुलगी असेल तर फार तर तिचं लग्न होईपर्यंत. हेतू चांगलाच होता, पण बांधून देणं ते बांधून देणंच. आईबापानं उचल घ्यायची आणि पोरानं ती फेडायची, हा प्रकार तर इतका वाढला की १९३३ साली मुलांचे श्रम तारण ठेवण्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. त्यात आईबापाला ५० रुपयांपर्यंत आणि मालकाला २०० रुपयांपर्यंत दंड होता. उचल हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

१८५० चा कायदा गेला तो १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानं. म्हणजे तो १११ वर्षं टिकला! नवा कायदा कितीतरी बरा. कामाचे तास ठरले, विद्यावेतन ठरलं, कामावर इजा झाली तर भरपाई मिळू लागली. पण त्यातलं १८ वं कलम वाचण्यासारखं आहे. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, म्हणून कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. आणि २२ वं कलम २०१४ पर्यंत म्हणायचं, शिकवून झाल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. पहिले काही महिने पोरगं खरंच शिकत असतं, हत्यारं मोडतं, माल बिघडवतं, हे मालकांचं म्हणणं मला मान्य आहे. पण सहा महिन्यांनी तेच पोरगं शेजारच्या कामगाराइतकं काम काढायला लागतं, तेव्हाही ते शिकाऊच कसं?

२०१४ साली एक चांगली गोष्ट झाली होती. विद्यावेतन अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडलं गेलं. पहिल्या वर्षी ७० टक्के, मग ८०, मग ९०. किमान वेतन वाढलं की तेही आपोआप वाढणार. २०१९ साली ही जोडणी तोडून ५ ते ९ हजारांचे ठरीव आकडे आले. आयटीआय झालेल्याला ७ हजार. महागाई वाढत गेली, आकडा तिथेच राहिला. मे २०२५ मध्ये केंद्रीय परिषदेनं ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे मधे जवळजवळ ६ वर्षं गेली.

आपल्या भागातले मुलगे आयटीआय झालं की एसटीचं आगार, मनमाडचा रेल्वे कारखाना, नाशिकरोडचा कर्षण मशीन कारखाना असं बघतात. रेल्वेतल्या उमेदवारांची उमेद कुठवर ताणली गेली होती ते २० मार्च २०१८ ला मुंबईनं पाहिलं. दादर-माटुंग्याच्या मधे शेकडो मुलं सकाळी रुळावर बसली, मध्य रेल्वे तीन तासांहून जास्त बंद. उमेदवारांसाठी २० टक्केच जागा, ही मर्यादा काढा आणि आम्हाला कायम करा, ही मागणी. लोकलमध्ये अडकलेल्यांनी त्यांना शिव्या घातल्या असतील, घालणारच. पण रेल्वेनंच शिकवलेली ही मुलं रेल्वेलाच नको होती.

असो. ही झाली कायद्याच्या आतली गोष्ट. ताहाराबाद रस्त्याला एक चक्कर मारा. ट्रॅक्टरची गॅरेजं, वेल्डिंगची दुकानं, विहिरीच्या मोटारी भरून देणारे, द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करणारे. उस्ताद एक आणि हाताखाली एक-दोन पोरं. पहिलं वर्ष डिझेलनं पार्ट धुण्यात आणि चहा आणण्यात जातं. मोटार भरायची तर पोरगं जुनी तार काढेल, कागद कापेल, पण वेढे किती घ्यायचे त्याची वही उस्तादाच्या खिशात. शिकला की समोरच दुकान टाकेल, ही उस्तादाला भीती, आणि ती खोटीही नाही. स्वतः त्यानं तसंच केलेलं असतं. पगार विचारला तर उत्तर ठरलेलं, "शिकतोय ना अजून." २०१९ च्या नियमाप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं असली तर उमेदवार घेणं सक्तीचं, ४ ते २९ ला ऐच्छिक. या दुकानात उस्ताद धरून माणसं तीन.