परागंदा

प्रवास आपण करतो. परागंदा मात्र होतो. सक्ती क्रियापदातच आहे. मूळ फारसी शब्दाचा अर्थ नुसता ‘विखुरलेला, पांगलेला’. मराठीनं तो देशोधडीला लागलेल्या माणसासाठी राखला, हे मला फार मोलाचं वाटतं.

बिदरला बहमनी वजीर महमूद गवानच्या १४७२च्या मदरशावर निळ्या फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत. गवान स्वतः परागंदाच, दरबारी वैरापायी इराणातलं गिलान सोडून आलेला. १९४८ साली निजामसमर्थक रझाकारांच्या भीतीनं बिदर-गुलबर्ग्याकडची कुटुंबं सोलापूरकडे निघाली. सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थानावर झालेल्या पोलीस कारवाईनंतर इथल्याच मुसलमान कुटुंबांवर तीच पाळी आली. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत माणसं जागेवरच राहिली, राज्याची सीमा तेवढी सरकली.

तुमच्या घरातलं कुणी परागंदा झालं असेल, तर गावांच्या नावांसकट ती वाट लिहून ठेवा.