तडागोत्सर्ग आणि तरणतलाव

ठाण्याला तलावांचें शहर म्हणतात. परंतु तलाव खोदणें हें आपल्याकडे एके काळीं धर्मकृत्य होतें, हें मासुंद्याच्या पाळीवर फिरणाऱ्यांस क्वचितच आठवतें. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यांतील नीलकंठानें सतराव्या शतकांत काशीस ‘उत्सर्गमयूख’ रचला, तो याच विषयावर. तलाव बांधणारा विधिपूर्वक आपलें स्वामित्व सोडी. मग तें पाणी सर्व प्राण्यांचें. या ‘सर्व’ शब्दाला मात्र जातीची वेस होती (महाडचें चवदार तळें, १९२७, कोण विसरेल?).

असल्या तळ्यांतच पाठीला वाळका भोपळा बांधून पोरें पोहावयास शिकत. ठाण्याडोंबिवलीच्या आजच्या तरणतलावांचें गणित निराळें आहे. पाणी नित्य गाळावें लागतें, क्लोरिननें शुद्ध करावें लागतें, जीवरक्षक बारमाही ठेवावा लागतो. दात्याचा एकदां सोडलेला पैसा तेथें पुरत नाहीं. बांधकामास देणगी मिळते, कारण तेथें नांवाची शिला बसते. देखभालीस कोणी देत नाहीं. तो खर्च मग प्रवेशशुल्कांतून निघतो. आमच्या मतें खरा उत्सर्ग आतां या वार्षिक खर्चाचाच व्हावयास हवा. ज्यास शुल्क परवडत नाहीं, तो कल्याणचा पोरगा उन्हाळ्यांत उल्हास नदीवरच जातो, आणि तेथें जीवरक्षक नसतो.