पांढरे पट्टे: आधी गाड्यांसाठी, मग माणसांसाठी

मुंबईहून अहमदाबादकडे निघालं की मनोर, चारोटी, तलासरी, आच्छाड करत पालघर जिल्हा मागे पडतो. मोबाइलच्या नकाशावर हा सगळा प्रवास म्हणजे एक निळी रेघ. प्रत्यक्षात डहाणू आणि तलासरी तालुक्यांत या रेघेच्या एका बाजूला पाडा असतो, तर दुसऱ्या बाजूला शाळा, शेत किंवा बाजार. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा याच महामार्गालगत माणसांची रीघ लागते. हा रस्ता जितका गाड्यांचा, तितकाच तो पायी ओलांडणाऱ्यांचाही आहे. रस्त्यावरच्या पट्ट्यांचा इतिहास मात्र गाड्यांपासून सुरू होतो.

१९११ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स या रस्ते अधिकाऱ्याने रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ मारून घेतली. दुधाच्या गाडीतून सांडलेल्या दुधाची धार पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. पुढे १९१७ मध्ये कॅलिफोर्नियात जून मॅकॅरोल या डॉक्टर बाईंनी अशाच रेघेसाठी पाठपुरावा केला. सरकार दाद देईना, तेव्हा त्यांनी स्वतःच रस्त्यावर रेघ रंगवली. राज्याने ती पद्धत स्वीकारायला १९२४ साल उजाडलं. या रेघेचं काम एकच होतं: समोरासमोरच्या गाड्या एकमेकींवर आदळू नयेत.

पायी चालणाऱ्यांची पाळी नंतर आली. ब्रिटनमध्ये १९३४ पासून रस्ता ओलांडायच्या जागा ठरवल्या गेल्या. कडेला पिवळ्या गोलाचे खांब आणि रस्त्यावर धातूच्या खुंट्या. अडचण अशी की या खुंट्या ओलांडणाऱ्याला दिसायच्या, पण दुरून येणाऱ्या ड्रायव्हरला नाही. म्हणून १९४९ मध्ये जाड पट्टे रंगवण्याचे प्रयोग झाले आणि १९५१ मध्ये काळ्या-पांढऱ्या झेब्रा क्रॉसिंगला कायद्याचं बळ मिळालं. झेब्रा जन्मालाच आला तो लांबून दिसण्यासाठी. पुसट झालेला झेब्रा आपल्याला पुन्हा त्या खुंट्यांच्या काळात नेऊन सोडतो: चालणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित जागी आहोत, आणि ड्रायव्हरला त्या जागेचा पत्ताच नसतो.

भारतातल्या रस्त्यांच्या नियमांमागे एक मराठी नाव आहे. पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते मुकुंदराव जयकर १९२७ साली नेमलेल्या रस्ते समितीचे अध्यक्ष होते. या समितीच्या शिफारशींतून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते अशी वर्गवारी ठरली. पट्ट्यांची संहिता मात्र १९७० साली आली. तिचं नाव आयआरसी ३५. पुढे १९९७ आणि २०१५ मध्ये ती सुधारली गेली. झेब्राचा पट्टा ५० सेंटिमीटर रुंद, दोन पट्ट्यांमध्ये तेवढीच मोकळी जागा, हे सगळं तिच्यात लिहिलेलं आहे.

नियम कागदावर टिकतो, रंग रस्त्यावर झिजतो. आज महामार्गावर साधा रंग नाही, तर थर्मोप्लास्टिक वापरतात. ते तापवून, पातळ करून साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा थर देतात आणि ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात. हे मणी हेडलाइटचा उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात, म्हणून रात्री पट्टा चमकतो. मणी झिजून निघाले की दिवसा पांढरा दिसणारा पट्टा रात्री गायब होतो. पावसात तर मण्यांवर पाण्याचा थर बसतो आणि उजेड मागे यायच्या ऐवजी पुढे घसरतो. पालघरसारख्या धो-धो पावसाच्या जिल्ह्यात, पट्ट्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच रात्री तो सर्वांत कमी दिसतो.

अलीकडे या महामार्गावर डांबराच्या जागी काँक्रीटचा थर, म्हणजे व्हाइट टॉपिंग, करण्याचं काम हाती घेतलं गेलं. खड्ड्यांवर हा चांगला उपाय आहे. पण फिकट काँक्रीटवर पांढरी रेघ उठून दिसत नाही. अनेक देशांत अशा ठिकाणी पांढऱ्याला काळी किनार देतात. आता नव्या गाड्यांमधले लेन ओळखणारे कॅमेरेही हाच रंग शोधतात. रस्ता आणि रेघ यांच्यात फरकच उरला नाही, तर सॉफ्टवेअर तरी काय ओळखणार?

पांढरा रंग टिकत नाही, तो पुन्हा काढावा लागतो, हे डहाणूला नवं नाही. वारली घरात लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहितात. नवं लग्न आलं की चौक नव्याने. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली. पण भिंतीवरच्या चौकाला मुदत असते हे घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. आपल्या रस्त्यांचं उलट आहे. पट्टा उद्घाटनाच्या आधी एकदा मारला की काम संपलं, असं धरलं जातं.

४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर चर्चा झाली ती बहुतांशी मागच्या सीटच्या बेल्टची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या पुलाशी तीन पदरांचे दोन पदर होतात, ही गोष्टही तेव्हाच पुढे आली. अशा जागी ड्रायव्हरला आधीपासून सावध करायचं काम फलक आणि रेघा यांचंच असतं.

सहापदरी महामार्गावर नुसता झेब्रा रंगवून भागत नाही, हेही खरं. तिथे भुयारी मार्ग किंवा पादचारी पूलच हवा. पण सर्व्हिस रोड, शाळेसमोरचा रस्ता, तलासरीचा नाका, डहाणू रोड स्टेशनचा परिसर इथे ठळक पट्टा जीव वाचवू शकतो. झेब्रावर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावं असा नियम आहे. पण पट्टाच दिसत नसेल तर तो नियम पाळणार कोण? २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरल्या दर्जाची नसल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण देखभाल हीसुद्धा जबाबदारी आहे हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

त्यामुळे तुमच्या गावाजवळचा पट्टा दिवसा बघून समाधान मानू नका. रात्री हेडलाइटच्या उजेडात बघा, आणि जमलं तर पावसातही. दिसत नसेल तर सुरक्षित जागी उभं राहून फोटो काढा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे. बाकी रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, नगरपरिषद किंवा नगरपंचायत. तक्रारीत ठिकाण, वेळ आणि तिथून रोज कोण रस्ता ओलांडतं, हे जरूर लिहा.