गूढ शब्दकोडं सुटतं कसं? ठाणे ते कल्याण लोकलमध्येच शिकून घ्या!

"सांगून टाका, ठाण्यानंतर काय लागतं? (३)"

मंडळी, हा साधा प्रश्न नाही, हे गूढ शब्दकोड्यातलं एक सूत्र आहे. उत्तर आहे 'कळवा'. 'सांगून टाका' म्हणजे कळवा आणि ठाण्यानंतरचं स्टेशनही कळवाच. कंसातला आकडा उत्तरात किती अक्षरं आहेत ते सांगतो.

रोजच्या शब्दकोड्यात 'सूर्य' विचारलं की 'रवी' लिहायचं, संपलं. गूढ कोड्यात मात्र सूत्र मुद्दाम दिशाभूल करतं. म्हणूनच आठवड्यातून एकदा येणारं असं कोडं रविवारी हातात घेतलं, की शेवटचे दोन-तीन शब्द बुधवारपर्यंत डोक्यात फिरत राहतात.

सूत्राचे दोन भाग

गूढ सूत्रात उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक सरळ अर्थाची, दुसरी शब्दांच्या खेळाची. सरळ अर्थ बहुतेकदा सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो. दोन्ही वाटा एकाच शब्दावर पोहोचल्या, की उत्तर बरोबर. ते कुणाला विचारायची गरजच उरत नाही. नेहमीच्या युक्त्या अशा:

श्लेष: "देव्हाऱ्यात लागतो, मुंब्र्यानंतरही लागतो (२)". उत्तर: दिवा. 'कळवा'ही याच जातीचं.

उलटा शब्द: "नदी उलटी वाहिली, झाली गरीब (२)". 'नदी' उलट वाचा: दीन, म्हणजे गरीब. 'उलटी', 'मागे फिरली', 'परतली' असे शब्द दिसले की सावध व्हा.

लपलेला शब्द: "लोकलमध्ये दडलेली लेखणी (३)". 'लोकलमध्ये' हा शब्द नीट बघा. लो-कलम-ध्ये! गर्दीतून बाहेर आलं 'कलम'.

जोडशब्द: "पाण्यापाठोपाठ पहिला सूर, झाली मैफल (३)". पाणी म्हणजे जल, पहिला सूर सा. जल + सा = जलसा.

उलटापालट: "सदर विस्कटली, फौजेचा शिधा (३)". स-द-र ही अक्षरं हलवली की 'रसद'.

मराठीत गंमत वेगळी का?

इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक अक्षरचिन्ह बसतं. मराठीत मात्र काना, मात्रा, जोडाक्षरासकट पूर्ण अक्षर बसतं. 'ठाकुर्ली'ला तीनच चौकोन पुरतात: ठा-कु-र्ली. त्यामुळे 'डोंबिवली'ची चार अक्षरं फक्त २४ प्रकारे मांडता येतात. तेच नाव रोमन लिपीत आठ अक्षरांचं होतं आणि त्याच्या २०,१६० मांडण्या होतात! म्हणून मराठीत उलटापालट लवकर सापडते आणि कोडं रचणाऱ्याला श्लेष, लपवाछपवी यांवर जास्त भर द्यावा लागतो. त्यात विभक्तीची अडचण आहेच. 'सदर'चं 'सदरेत' केलं की अक्षरंच बदलतात.

हे सुरू कुठून झालं?

पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी रचलं. ते २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात छापून आलं. त्याला गूढ वळण मिळालं ते पुढे इंग्लंडमध्ये. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने एडवर्ड पॉविस मॅथर्स कोडी रचत. लोकांचा छळ करणाऱ्या स्पॅनिश धर्माधिकाऱ्याचं नाव त्यांनी घेतलं होतं, यावरून काय ते समजा.

आपल्याकडे तर शब्दकोडं थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं होतं. स्वातंत्र्यानंतर मोठ्या बक्षिसांच्या शब्दकोडे स्पर्धा जोरात होत्या. बंगळुरूत छापलेल्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातली 'आर.एम.डी.सी.' स्पर्धा मुंबई राज्यातही खेळली जायची. राज्याने कायदा दुरुस्त करून अशा स्पर्धांवर कर लावला आणि वाद न्यायालयात गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल लागला: कौशल्यापेक्षा नशिबावर चालणारी स्पर्धा हा जुगार आहे आणि जुगाराला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण नाही. ज्या स्पर्धेत कौशल्याचा वाटा मोठा, ती मात्र जुगार नव्हे.

हा फरक आपल्यालाही उपयोगी आहे. "सगळ्यांना हवा असतो (२)" या सूत्राला 'मान' चालतं आणि 'पैसा'ही. रचणाऱ्याच्या मनात काय आहे, हे ओळखणं म्हणजे नशीब. चांगल्या गूढ सूत्रात अशी शंका राहत नाही. सूत्र फसवेल, पण खोटं बोलणार नाही.

मित्रांबरोबर सोडवताना

हा खेळ एकट्याने खेळता येतो, पण रंगतो तो दोघा-तिघांत. एकाला राग-ताल माहीत असतात, दुसऱ्याला इतिहास, तिसऱ्याला क्रिकेट. मात्र तीन पथ्यं पाळा:

- कुणी अडलं तर उत्तर सांगू नका. आधी युक्ती कुठली ते सांगा, मग सरळ अर्थ कुठे आहे ते दाखवा.
- उत्तर आलं तरी फोड विचारा. "बसतंय म्हणून लिहिलं" हे उत्तर अर्धंच.
- दोन वेगळी उत्तरं आली तर दोघांनी आपापली फोड मांडा. ज्याचा एकही शब्द शिल्लक राहत नाही, तो बरोबर.

या तिसऱ्या पथ्यामुळेच मजा येते. इथे वयाने मोठा किंवा आवाजाने मोठा जिंकत नाही, फोड जिंकते. नातवाने आजोबांची चूक दाखवावी आणि आजोबांनी ती हसत मान्य करावी, अशी जागा घरात फारशी नसते.

चला, आता एक तुमच्यासाठी. डोंबिवलीकरांनी हे सोडवलंच पाहिजे:

"डोंबिवलीच्या आधी लागतं, गर्दीत हमखास लागतं (३)"

सुटलं? मग मित्राला पाठवा. फक्त सूत्र, उत्तर नाही!