तरफेच्या तारा आणि तांब्याचे चौकोन

मी मूळचा मिरजेचा. शाळेला जाताना सतारमेकर गल्ली लागायची. एकदा एका कारागिरानं मला थांबवून सतारीची मुख्य तार छेडून दाखवली आणि म्हणाला, “आता खालच्या तारा बघ.” कुणी हात न लावता तरफेच्या तारा बोलत होत्या. पुढे मुंबईत एम.ई. करताना पॅच अँटेना हाती आला, आणि त्या तारा पुन्हा भेटल्या.

पॅच म्हणजे दिसायला काहीच नाही. ग्लास इपॉक्सीचा १.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा, खाली सलग तांबं, वर तांब्याचा एक आयत. आयताची लांबी त्या पत्र्यातल्या लहरीच्या साधारण निम्मी. ३ गिगाहर्ट्झसाठी सुमारे २३ मिलिमीटर. लॅमिंग्टन रोडवरून कॉपर क्लॅड आणायचं, नको असलेलं तांबं विरघळेपर्यंत फेरिक क्लोराईडच्या ट्रेमध्ये हलवत बसायचं. माझ्या दोन शर्टांवरचे तपकिरी डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

पहिला पॅच ३ गिगाहर्ट्झला काढला, तो लागला २.९३ ला. दुकानदारानं पत्र्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.४ सांगितला होता, तो ४.६ च्या जवळ निघाला. एवढ्या फरकानं काय बिघडतं? सगळंच. अशा पॅचची बँडविड्थ जेमतेम दोन-तीन टक्के, म्हणजे पत्र्यातली चूकच बँडविड्थएवढी. शेवटी ब्लेडनं कड खरवडून अर्धा मिलिमीटर लांबी कमी केली, तेव्हा तो जागेवर आला.

हा अरुंदपणा पॅचला जन्मापासून चिकटलेला. कल्पना मांडली अमेरिकेत देशाँ यांनी, १९५३ मध्ये. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये पेटंट निघालं, आणि मग जवळजवळ वीस वर्षं सामसूम. कमी ऱ्हासाचे चांगले पत्रे मिळू लागले, तेव्हा कुठे १९७० च्या दशकात रॉबर्ट मन्सन यांनी क्षेपणास्त्राच्या अंगाला सपाट चिकटून बसतील असे पॅच केले. नासाच्या हॉवेल यांचा लेख १९७५ चा. १९७८ मध्ये सीसॅट उपग्रहावर तर जवळपास ११ मीटर लांबीचा पॅचचा अँटेना गेला. त्याच्या रडारला लागत होते १९ मेगाहर्ट्झ, १२७५ च्या आसपास. म्हणजे दीड टक्का. तिथे अरुंदपणा खपून गेला. दळणवळणवाल्यांना मात्र तो खपणारा नव्हता.

पॅच अरुंद का? दोन तांब्यांमधल्या बारीक फटीत ऊर्जा कोंडून राहते आणि कडांवरून थोडी थोडी निसटते. देवळातली घंटा जशी एकाच सुरात बराच वेळ घुमते, तसंच. पत्रा जाड केला, किंवा कमी डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा घेतला, की ऊर्जा लवकर बाहेर पडते आणि बँडविड्थ वाढते. पण जाडीलाही किंमत आहे. लहरी पत्र्याच्या पृष्ठभागावरून भलतीकडे पळतात, आणि खालून येणारी फीडची पिन लांब झाली की तिचं इंडक्टन्स जुळणी बिघडवतं. एक चोरवाट होती, ऱ्हास जास्त असलेला पत्रा वापरायची. बँडविड्थ वाढते, कारण निम्मी शक्ती पत्राच तापवते. आमचे सर म्हणायचे, “सगळ्यात रुंद बँडविड्थ हवी असेल तर पन्नास ओहमचा रेझिस्टर लाव. फक्त तो अँटेना नसतो.”

मग ग्रंथालयात १९८४ चा गिरीश कुमार आणि के. सी. गुप्ता यांचा लेख हाती लागला. मूळ काम कानपूरच्या आयआयटीतलं. फीड दिलेल्या पॅचच्या शेजारी, बारीक फट सोडून, लांबीनं किंचित वेगळे आणखी पॅच ठेवायचे. त्यांना वायर नाही, काही नाही. मधला बोलला की शेजारचे बोलतात, प्रत्येक आपापल्या जवळच्या सुरात, आणि सगळ्यांचा मिळून पट्टा कितीतरी रुंद होतो. मी आकृतीकडे बघत राहिलो. ही तर तरफ!

इथेही फुकट काही नाही. जागा वाढते, आणि शेजारी एकाच बाजूला ठेवला तर किरण तिरका होतो. माझा तिरका झाला होताच. फट अर्ध्या मिलिमीटरनं चुकली की दोन सूर एकमेकांत मिसळेनासे होतात. अशा पट्ट्या मी किती फेकल्या, मोजलं नाही.

पुढच्या युक्त्या भराभर आल्या. पोझार यांनी १९८५ मध्ये पिनच काढून टाकली आणि खालच्या तांब्यातल्या खाचेतून ऊर्जा वर पाठवली. १९९५ मध्ये ह्युन आणि ली यांनी पॅचमध्येच यू आकाराची खाच कापली. तिचं कपॅसिटन्स लांब पिनेचा दोष फेडतं, म्हणून फोम किंवा हवेचा जाड थर चालतो आणि बँडविड्थ तीस टक्क्यांपर्यंत जाते. मला स्वतःला ही यू खाच सगळ्यांत देखणी वाटते. शेजाऱ्यांची गरजच उरत नाही. २००३ मध्ये गिरीश कुमार आणि के. पी. रे यांचं रुंद पट्ट्याच्या पॅचवरचं पुस्तक आलं. तोवर कुमार पवईच्या आयआयटीत होते आणि रे त्याच आवारातल्या ‘समीर’ या संशोधन संस्थेत.

आता सगळं संगणकावर सिम्युलेट होतं. पट्टी एकदाच कोरली जाते, बहुधा बरोबर. जुन्या, चुकलेल्या पट्ट्या मात्र अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कपाटांत पडून आहेत आणि डेड स्टॉकच्या निर्लेखनात भंगारात जातात. तुमच्या विभागात त्या असतील तर टाकू नका. मागे मार्करनं वर्ष, वारंवारता आणि पत्र्याची जाडी लिहा, आणि ठेवून द्या.