सहा ठिपक्यांची बाराखडी

परवा ओळखीतल्या एका शाळकरी मुलाने मला त्याच्या ब्रेल पाटीवर माझं नाव लिहायला लावलं. कागद पाटीत अडकवायचा, स्टायलसने टोचत उजवीकडून डावीकडे जायचं, आणि कागद पलटला की उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचायचे. मी अर्थातच घोळ घातला. त्याने कागदावरून बोट फिरवलं आणि पोट धरून हसला. घरी आल्यावर या ठिपक्यांच्या मागे लागलो, तेव्हा शाळेत कधीच न ऐकलेली एक गोष्ट हाती लागली.

आपल्याकडे अंधांसाठी पहिली शाळा मिस अ‍ॅनी शार्प यांनी १८८७ साली अमृतसरला काढली. १८९७ मध्ये कलकत्त्याला लालबिहारी शाह यांची, १९०० मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांची. कौतुकच आहे. पण झालं असं की सहा ठिपके सगळ्यांचे तेच, अक्षरं मात्र ज्याची त्याची! शाह ब्रेल वेगळं, डॉ. नीळकंठराय छत्रपतींचं वेगळं, शार्पबाईंचं आणखी तिसरं. स्वातंत्र्याच्या सुमारास अशा दहाच्या आसपास पद्धती होत्या. म्हणजे एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेतलं पुस्तक हाती दिलं, तर त्याच्या बोटाला नुसताच खडबडीत कागद लागायचा. आधीच ब्रेलचं पुस्तक महाग आणि जाडजूड. त्यात गरीब देशात दहा जणांसाठी दहा वेगळे छापखाने कोण चालवणार?

१९४० च्या दशकात सरकारी समितीने एक सामाईक पद्धत तयार केली, पण तिच्यावर एकमत होईना. शेवटी १९४९ साली भारत सरकारने युनेस्कोला गळ घातली. तिथे हे काम आलं सर क्लुथा मॅकेन्झींकडे. हे न्यूझीलंडचे, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला दृष्टी गमावलेले. दुसऱ्या महायुद्धात ते भारतातच होते आणि इथल्या अंधत्वावरच्या १९४४ च्या अहवालात त्यांचा मोठा हात होता. आपल्या शिक्षण मंत्रालयात १९४७ पासून लाल अडवाणी होते (राजकारणातले नव्हेत!), तेही दृष्टिहीन. अंधांच्या लिपीचा निकाल लागताना अंध माणसं टेबलाशी होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एरवी 'त्यांच्यासाठी' सगळं आपणच ठरवतो. १९५१ मध्ये बैरूतला परिषद झाली आणि त्याच वर्षी 'भारती ब्रेल' आलं.

त्याची युक्ती साधी आहे. उच्चार एक, तर ठिपके एक. इंग्रजीतला के म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका, तोच आपला क. तोच गुजराती, कन्नड, बंगाली क. उरलेल्या आकृत्या ख, घ, ळ वगैरेंना. गंमत म्हणजे 'कि' लिहिताना शाईत आपण वेलांटी आधी काढतो, उच्चारतो मात्र नंतर. ब्रेलमध्ये आधी क, मग इ. बोटाला जिभेचाच क्रम! हिंदी आणि उर्दू कागदावर दोन टोकांनी सुरू होतात, ब्रेलमध्ये दोन्ही डावीकडूनच. मी गुजराती पाटी अडखळत वाचतो आणि कन्नड पाटीसमोर तर निरक्षरच. त्या मुलाला दोन्ही निदान मोठ्याने वाचता येतील. अर्थ कळेल न कळेल, तो भाग वेगळा.

असो. लिपी जुळली म्हणून पुस्तकं आली, असं मात्र झालं नाही. १९५१ मध्येच डेहराडूनला केंद्रीय ब्रेल छापखाना निघाला, तरी मराठीतलं पहिलं ब्रेल पाक्षिक, स्वागत थोरात यांचं 'स्पर्शज्ञान', यायला २००८ साल उजाडलं. म्हणजे मधे सत्तावन्न वर्षं! २०१६ पासून सुगम्य पुस्तकालयात पुस्तकं ऑनलाइन मिळू लागली. पण त्या मुलाला गोष्टीची पुस्तकं कागदावरच हवी असतात. मोबाइल वाचून दाखवतो, पण शुद्धलेखन सांगत नाही, अशी त्याची तक्रार आहे. 'पाणी'तला ण की न, हे त्याला बोटानेच बघायचं असतं.

मी माझं नाव पुन्हा लिहून नेलं. या खेपेला एकच चूक निघाली, तीही जोडाक्षरात.