स्टार रेडर्स : आठ किलोबाइटचा खेळ आणि त्याचा कारागीर

संगणकीय खेळांचा इतिहास सांगणारे लोक साधारणपणे एकच वाट धरतात. १९७८चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’, मग ‘पॅक-मॅन’, आणि अंतराळाचा विषय निघालाच तर थेट १९८४चा ‘एलिट’. या वाटेवर एक मुक्काम नेहमी सुटतो. तो म्हणजे अटारी कंपनीच्या ४०० आणि ८०० या घरगुती संगणकांवरचा ‘स्टार रेडर्स’. एके काळी केवळ या खेळासाठी लोक अटारीचा संगणक विकत घेत. आज मात्र जुन्या खेळांचे शौकीन सोडले तर त्याचे नावही कुणाला सांगता येत नाही. मी अलीकडे काही आठवडे तो एम्युलेटरवर पुन्हा खेळून पाहिला. त्यातून जे सुचले ते इथे मांडतो.

आधी खेळ काय आहे ते पाहू. पडद्यावर आकाशगंगेचा नकाशा येतो, सोळा उभ्या आणि आठ आडव्या रांगांच्या चौकटींचा. काही चौकटींत झायलॉन नावाच्या शत्रूची जहाजे, काहींत आपले तळ. हायपरवार्पने उडी मारून हव्या त्या चौकटीत जायचे आणि समोरच्या काचेतून दिसणाऱ्या शत्रूशी लढायचे. तारे अंगावर येतात, जहाज वळवले की सगळे आकाश वळते. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये आपण एका रेषेवर डावीकडे-उजवीकडे सरकत होतो. इथे आपण जहाजाच्या आत बसलेलो असतो.

पण नेमबाजी हा या खेळाचा निम्माच भाग आहे. सुरुवातीला ९९९९ एकक ऊर्जा मिळते आणि प्रत्येक गोष्ट ती खाते. ढाल लावली की ऊर्जा जाते, संगणक चालू ठेवला की जाते, आणि उडी जितकी लांब तितका खर्च मोठा. ऊर्जा भरायला आपल्या तळावर जावे लागते. शत्रूला हे ठाऊक असते. तो तळाच्या चारही बाजूंच्या चौकटी अडवतो आणि थोड्या वेळाने तळ नष्ट करतो. आपण नकाशा पाहत असलो तरी घड्याळ थांबत नाही. म्हणून दर वेळी हिशोब करावा लागतो : समोरची लढाई संपवायची, की ती अर्धी टाकून वेढा फोडायला धावायचे?

मला सर्वात जास्त विचार करायला लावले ते रेडिओने. मार लागून सबस्पेस रेडिओ निकामी झाला की नकाशावर नव्या बातम्या येणे थांबते. नकाशा मात्र पूर्वीसारखाच नीटनेटका दिसतो. जिथे शत्रू दिसतो तिथे तो आता नसेलही. बिघडलेला नकाशा निदान सावध करतो, शिळा नकाशा विश्वासाने फसवतो. खेळाच्या शेवटी मिळणारा दर्जाही तसाच रोखठोक आहे. चांगले खेळलात तर ‘स्टार कमांडर’, वाईट खेळलात तर ‘आकाशगंगेचा आचारी’ किंवा थेट ‘कचरा वाहणाऱ्या जहाजाचा कप्तान’. नुसते शत्रू मारून वरचा दर्जा मिळत नाही. वाया घालवलेला वेळ, जाळलेली ऊर्जा, गमावलेले तळ, सगळे वजा होते.

हे सारे ८ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेले आहे. तुम्ही वाचत असलेला हा लेख संगणकावर साठवला तर त्याहून जास्त जागा घेईल, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. संगणकाचा प्रोसेसर ६५०२, वेग जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झ, आणि त्याला गुणाकाराची आज्ञासुद्धा नव्हती. तरीही आकाश फिरत होते.

हे कुणी केले? डग नॉयबॉअर या अभियंत्याने. तो मुळात खेळ लिहिणारा नव्हता, चिप घडवणारा होता. याच संगणकातली ‘पोकी’ ही चिप त्याच्या हातची. आवाज काढणे, कळफलक वाचणे, यादृच्छिक आकडे देणे ही तिची कामे. विद्यापीठांतल्या मोठ्या संगणकांवर तेव्हा ‘स्टार ट्रेक’ नावाचा केवळ अक्षरांचा खेळ चालत असे. चौकटींचा नकाशा आणि तळ तिथले. त्याला १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या डोळ्यांसमोरच्या लढाईची जोड नॉयबॉअरने दिली. ज्याने यंत्र घडवले त्यानेच त्या यंत्राला काय जमते ते दाखवून दिले.

आणि खेळ सुरू करताना पडद्यावर काय दिसते? ‘कॉपीराइट अटारी १९७९’. माणसाचे नाव नाही. हे विसरून घडलेले नव्हते, ती कंपनीची रीतच होती. याच रीतीला आणि तुटपुंज्या मोबदल्याला कंटाळून चार प्रोग्रामर १९७९ मध्ये अटारीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ उभारण्यात भाग घेतला. तिथे खेळावर कर्त्याचे नाव छापले जाऊ लागले. वॉरन रॉबिनेट याने तर ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली करून तिच्यात स्वतःचे नाव लिहून ठेवले. आपल्याच कामावर आपले नाव चोरून लिहावे लागावे, यात काय ते आले.

नॉयबॉअरही अटारीतून गेला. पुढे १९८६ मध्ये त्याचा ‘सोलारिस’ अटारी २६०० वर आला आणि त्या दुबळ्या यंत्राकडूनही त्याने अशीच कमाल करून घेतली. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हेन्री लोवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जतन करण्याजोग्या दहा खेळांची यादी जाहीर केली. तिच्यात ‘टेट्रिस’ आणि ‘डूम’च्या शेजारी ‘स्टार रेडर्स’ होता. २०१५ मध्ये त्याच्या मूळ प्रोग्रामचे कागद स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर आले. आता ते कुणालाही ओळ न् ओळ वाचता येतात.

इतिहास बहुतेक वेळा शिक्क्याचा लिहिला जातो, हाताचा नाही. इमारतीवर बादशहाचे नाव राहते, गवंड्याचे राहत नाही. कापडावर गिरणीचा छाप असतो, विणकराचा नसतो. संगणक हे इतके नवे क्षेत्र, तरी तिथेही पहिल्याच पिढीत हेच झाले. फरक एवढाच की इथले कारागीर आपल्याच काळातले आहेत, त्यांचे कागद अजून हाती लागतात. म्हणून हे काम आताच करायला हवे. खेळ जपताना तो कोणी घडवला हेही नोंदवले नाही, तर आपल्या हाती उरेल तो रेडिओ बंद पडलेला नकाशा : दिसायला पूर्ण, पण आतून शिळा.